ग्लिसरीनचं काय होणार, ते आम्ल ठरवतं

वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करताना दर शंभर किलो तेलामागं साधारण दहा किलो ग्लिसरीन निघतं. रिॲक्टर ढवळायचा थांबवून काही तास तसाच ठेवला की बायोडिझेल वर राहतं आणि तळाशी काळपट, घट्ट, उग्र वासाचा थर बसतो. तो हा माल. थंडीत ओठ फुटले की औषधाच्या दुकानातून आणतो ते स्वच्छ ग्लिसरीन आणि हा काळा थर, दोन्हींतला मुख्य रेणू एकच. पण या काळ्या मालाला गिऱ्हाईक मिळत नाही, कारण त्यात बायोडिझेल करायला घातलेलं मिथेनॉल असतं, साबण असतो, उरलेलं कॉस्टिक (कॉस्टिक सोडा) असतं आणि पाणीही असतं.

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात हा प्रश्न वाढणारच आहे. तळणीच्या तेलातले ध्रुवीय घटक (तेल पुन्हापुन्हा तापून बिघडलं की वाढतात ते) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल पुन्हा खाण्यात वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८ पासून लागू आहे. त्याच वर्षीच्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेल मिसळायचं उद्दिष्ट ठरलं. फरसाण, भडंग, वडा-भजीच्या आपल्या मुलखात जळक्या तेलाला तोटा नाही. ते गोळा होईल, त्याचं बायोडिझेल होईल आणि ग्लिसरीनचे ड्रम कंपाउंडच्या भिंतीला लागून उभे राहतील.

माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका छोट्या युनिटमध्ये काम करतो. त्याचा प्रश्न ठरलेला असतो. "सर, ॲसिड कॅटॅलिस्ट वापरून ग्लिसरीनचं महागडं केमिकल करतात म्हणे. कुठलं ॲसिड घेऊ?" मी म्हणतो, "अरे, आधी कुठलं केमिकल पाहिजे ते सांग, मग ॲसिडचं बघू." त्याला हे उत्तर म्हणजे सरांची टाळाटाळ वाटते. खरं तर सगळा विषय त्यातच आहे.

ग्लिसरीनचा रेणू लहान आहे. तीन कार्बन एका ओळीत आणि प्रत्येकावर एकेक ओएच गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. दोन ओएच टोकांना, एक मधे. पेट्रोकेमिकलवाल्यांचा कच्चा माल बरोबर उलटा असतो. त्यांच्या प्रोपिलीनमध्येही तीनच कार्बन, पण ऑक्सिजन एकही नाही. तो त्यांना मुद्दाम घालावा लागतो. आपल्याकडं ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त आहे, त्यामुळं आपल्याला एखादा ओएच काढायचा असतो किंवा झाकायचा असतो. कुठला ओएच काढला, मधला की टोकाचा, यावर पुढं कुठला पदार्थ मिळणार ते ठरतं.

ओएच आपणहून सुटत नाही. कार्बनला धरून बसलेला असतो, आणि एकटा सुटला तर ऋण भार घेऊन फिरावं लागेल, म्हणून त्याला सुटणं परवडत नाही. आम्ल तिथं एक हायड्रोजन आयन, म्हणजे प्रोटॉन, आणून चिकटवतं. आता तो ओएच राहिला नाही, पाणी झालं. पाणी स्थिर आहे, ते बिनबोभाट निघून जातं. प्रोटॉन शेवटी परत मिळतो आणि पुढच्या रेणूला लागतो. आम्ल उत्प्रेरक, म्हणजे कॅटॅलिस्ट, म्हणून काम करतं ते असं.

याचं एक उदाहरण प्रत्येक स्वयंपाकघरात घडतं. कढईतलं तेल प्रमाणाबाहेर तापलं की घशाला खवखव करणारा, डोळ्यांतून पाणी काढणारा धूर येतो. तेलाच्या रेणूत ग्लिसरीनचा सांगाडा असतोच. उष्णतेनं तो मोकळा होतो, त्यातून पाण्याचे दोन रेणू निघून जातात आणि ॲक्रोलीन तयार होतं. धुराच्या झोंबण्यात या ॲक्रोलीनचा मोठा वाटा. पहिल्या महायुद्धात फ्रेंचांनी हाच पदार्थ विषारी वायू म्हणून वापरून पाहिला होता. आणि हाच उद्योगाला हवासा पदार्थही आहे. विट्याकडच्या पोल्ट्रीवाल्यांना कोंबडीच्या खाद्यातलं मेथिओनिन हे अमिनो आम्ल काही नवीन नाही. ते ॲक्रोलीनपासून बनतं. ॲक्रोलीनचं पुढं ऑक्सिडीकरण केलं की ॲक्रिलिक आम्ल, आणि त्यापासून पाणी धरून ठेवणारी पावडर. तीच लहान मुलांच्या डायपरमध्ये असते, आणि जमिनीत ओल टिकवायला हायड्रोजेल म्हणून मिळते ते बहुतेक त्याच कुळातलं. आज ॲक्रोलीन प्रोपिलीनपासून, म्हणजे खनिज तेलापासून करतात. ग्लिसरीनपासून करायचं तर आम्ल लागतं, आणि इथूनच आम्लाच्या जातीचा प्रश्न सुरू होतो.

१९२३ साली आम्लाच्या दोन व्याख्या एकाच वर्षात आल्या. ब्रॉन्स्टेड आणि लॉरी यांनी स्वतंत्रपणे म्हटलं की जे प्रोटॉन देतं ते आम्ल. लुईस यांनी म्हटलं की जे इलेक्ट्रॉनची जोडी घेतं ते आम्ल. परीक्षेत आपण या दोन व्याख्या पाठ करतो आणि सोडून देतो. ग्लिसरीनच्या बाबतीत मात्र दोन्ही आम्लं वेगवेगळा माल देतात.

ब्रॉन्स्टेड आम्लाचा प्रोटॉन मधल्या ओएचला लागला की तिथून पाणी सुटतं. मधल्या कार्बनवर धन भार आला तरी दोन्ही बाजूंचे कार्बन त्याला थोडा आधार देतात, त्यामुळं ही वाट सोपी. त्यातून तयार होणारा मधला पदार्थ अस्थिर असतो, तो लगेच आणखी एक पाणी टाकून ॲक्रोलीन होतो. लुईस आम्ल म्हणजे बहुधा एखाद्या ऑक्साइडच्या पृष्ठभागावरचा उघडा धातू-अणू. त्याच्यापाशी प्रोटॉन नसतो. तो ओएचच्या ऑक्सिजनला धरतो. त्याला टोकाचा ओएच सहज हाती लागतो, मधला अडचणीत असतो. टोकाचा सुटला की ॲक्रोलीन मिळत नाही, हायड्रॉक्सिअ‍ॅसिटोन मिळतं. त्याचं रोजचं नाव ॲसिटॉल. म्हणजे तेच ग्लिसरीन, तेच तापमान, कॅटॅलिस्टचे दाणे भरलेली तीच तापलेली नळी. फक्त पृष्ठभागावर प्रोटॉन आहे की उघडा धातू, एवढ्या फरकानं बाहेर येणारा पदार्थ बदलतो.

ॲसिटॉल वाईट असं नाही. तांब्याचा कॅटॅलिस्ट आणि हायड्रोजन जोडीला दिला तर सुमारे दोनशे अंशांवर त्याचं प्रोपिलीन ग्लायकॉल होतं, आणि त्याला औषधांपासून अँटिफ्रीझपर्यंत गिऱ्हाईक आहे. अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणात चालतं. पण ॲक्रोलीन हवं असताना नळीतून ॲसिटॉल यायला लागलं, तर ती नासाडीच.

आता घन आम्ल मोजायचं कसं? आपल्याकडं आम्ल म्हटलं की लिटमस, नाहीतर पीएच. पण पीएच पाण्यात विरघळलेल्या आम्लाचा असतो. कॅटॅलिस्टचे दाणे पाण्यात विरघळत नाहीत आणि विरघळूही नयेत. हे समजवायला मी वर्गात एक प्रयोग करतो. सल्फॉनिक आम्लाचे गट जोडलेलं प्लॅस्टिकसारखं रेझिन घ्यायचं, अँबरलिस्ट-१५ किंवा पाणी शुद्ध करायच्या यंत्रातलं त्याच जातीचं. मिलीमीटरहून जरा लहान, राखाडी-तपकिरी मणी. आधी डिस्टिल्ड पाण्यानं ते इतके धुवायचे की धुतलेल्या पाण्याचा पीएच सातच्या जवळ येईल. मग स्वच्छ पाण्यात चमचाभर मणी टाकून मीटर लावायचा. काटा फारसा हलत नाही. मुलं म्हणतात, "सर, हे ॲसिड नाहीच." मग त्यात चिमूटभर साधं मीठ टाकायचं आणि ढवळायचं. काटा सरळ दोनकडं घसरतो. मण्यांना धरून बसलेले प्रोटॉन सोडियमनं बाहेर ढकलले आणि त्यांची जागा घेतली. ते बाहेर आलेलं आम्ल फिनॉल्फ्थॅलीन घालून कॉस्टिकनं टायट्रेट केलं, म्हणजे थेंबाथेंबानं मोजत उदासीन केलं, की दर ग्रॅम रेझिनमध्ये किती आम्ल-जागा आहेत ते कळतं. अँबरलिस्टमध्ये कोरड्या ग्रॅममागं साधारण ४.७ मिलिमोल (मोल हे कणांची संख्या मोजायचं एकक, त्याचा हजारावा भाग म्हणजे मिलिमोल). हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागेल. मिठानं काय केलं तेही लक्षात ठेवा.

जागा किती, हे झालं. त्या किती तीव्र आहेत, हा वेगळा प्रश्न. त्यासाठी हॅमेट यांनी १९३२ साली एक मोजपट्टी दिली. पीएच जिथं संपतो तिथून ही पुढं जाते, ऋण आकड्यांत. ठराविक तीव्रतेच्या आम्लावरच रंग बदलणारे सूचक वापरायचे. डायसिनॅमलॲसिटोन हा सूचक उणे ३ च्या पुढं पिवळ्याचा लाल होतो. अँथ्राक्विनोन उणे ८.२ च्या पुढं रंगहीनचा पिवळा होतो. आकडे कोरडे वाटत असतील तर असं बघा: उणे ३ म्हणजे साधारण ४८ टक्के सल्फ्युरिक आम्लाएवढी तीव्रता, उणे ८.२ म्हणजे ९० टक्क्यांच्या सल्फ्युरिकएवढी. कॅटॅलिस्टची पूड भट्टीत वाळवून कोरड्या टोल्युईनमध्ये टाकायची आणि सूचकाचे थेंब सोडायचे. पावसाळ्यात हा प्रयोग करू नये. हवेतली ओल दाणे आधी पितात आणि रंग दगा देतो. दाणे मुळातच काळे असतील तर रंग दिसतच नाही, ती वेगळीच पंचाईत.

मोठ्या प्रयोगशाळांत अमोनिया वापरतात. दाण्यांवर अमोनिया बसवायचा आणि मग तापमान हळूहळू चढवत न्यायचं. सौम्य जागांवरचा अमोनिया दोनशेच्या आसपास सुटतो, तीव्र जागांवरचा चारशेच्या आगेमागे. किती सुटला त्यावरून जागा मोजायच्या, केव्हा सुटला त्यावरून तीव्रता. पण अमोनिया ब्रॉन्स्टेड आणि लुईस दोघांवरही बसतो, तो जात सांगत नाही. जात सांगतो पिरिडिन. त्याचा वास भयंकर, पण काम चोख. पिरिडिन बसवलेल्या दाण्यांतून इन्फ्रारेड किरण सोडले की ब्रॉन्स्टेड जागा १५४५ च्या आकड्यापाशी (तरंगसंख्या, प्रति सेंटीमीटर) पट्टा दाखवते आणि लुईस १४५० पाशी. घन आम्लांवरच्या बहुतेक प्रबंधांत हे दोन आकडे भेटतात. एखादा लेख नुसतं "आम्लता जास्त" म्हणतो आणि हे दोन पट्टे दाखवत नाही, तेव्हा मी तो जरा सावधपणे वाचतो.

ॲक्रोलीनसाठी तीव्रता किती हवी? वेगवेगळे घन आम्ल कॅटॅलिस्ट शेजारी ठेवून जी तुलना झाली, तिच्यात उणे ३ ते उणे ८.२ हा टापू सगळ्यांत चांगला ठरला. त्याहून सौम्य आम्लावर ॲक्रोलीन कमी आणि इतर माल जास्त. त्याहून तीव्र आम्लावर सुरुवात जोरात होते, पण दाणे लवकर काळे पडतात. गुऱ्हाळावर गुळव्याला हेच सांभाळावं लागतं. जाळ कमी पडला तर रस पाकाला येत नाही, जास्त झाला तर काहील करपते, आणि मधला बिंदू साधला तरच गूळ रवाळ आणि पिवळाधमक होतो.

काळे का पडतात, ते जरा जवळून बघू. अतितीव्र जागा ग्लिसरीनला धरते, पाणी काढते, ॲक्रोलीन बनवते, पण बनलेल्या ॲक्रोलीनला सोडायला तयार नसते. ॲक्रोलीन स्वतःही चंचल. शेजारचं दुसरं ॲक्रोलीन, एखादा ग्लिसरीनचा रेणू, असे एकमेकांना चिकटत जातात. त्यांच्यातलं पाणी निघत जातं आणि कार्बनचा डांबरट थर तयार होतो. त्याला कोक म्हणतात. हा थर आधी सर्वांत तीव्र जागांवरच बसतो, म्हणजे जी जागा जास्त पराक्रमी तीच आधी झाकली जाते. तीनशे अंशांवर चालणाऱ्या नळीत पांढरे दाणे भरले होते, बाहेर काढताना ते कोळशागत निघतात.

यात छिद्रांचाही हात असतो. झेडएसएम-५ या झिओलाइटची छिद्रं जेमतेम अर्ध्या नॅनोमीटरची. झिओलाइट म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनची जाळी. तिच्यात मधे मधे सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसतं, त्यामुळं एक ऋण भार शिल्लक राहतो, आणि तो फेडायला एक प्रोटॉन येऊन बसतो. म्हणजे ॲल्युमिनियम जेवढं, साधारण तेवढ्या आम्ल-जागा. कारागिराच्या हातात ही मोठी सोय आहे, कारण कृती बदलून जागा कमी-जास्त करता येतात. जागा कमी केल्या की त्या एकमेकींपासून लांब राहतात आणि दोन अर्धवट रेणू शेजारी येऊन जुळण्याची शक्यता घटते. पण बारीक छिद्राच्या तोंडाशी कोकचा एक बोळा बसला की आतल्या सगळ्या जागा शाबूत असूनही निरुपयोगी होतात. म्हणून मोठी छिद्रं पाडलेले झिओलाइट किंवा रुंद छिद्रांच्या सिलिकावर बसवलेलं टंगस्टनचं आम्ल जास्त काळ तग धरतं.

काळा झालेला कॅटॅलिस्ट हवेत पाचशे अंशांच्या आसपास तापवून कोक जाळून टाकता येतो. झिओलाइट ते सहन करतं. सिलिकोटंगस्टिक या टंगस्टनच्या आम्लाचं मात्र दुखणं हे की ॲक्रोलीन द्यायला ते उत्तम, पण कोक जाळायच्या तापमानाला त्याची स्वतःचीच रचना मोडू लागते. या विषयावर ढीगभर संशोधन होऊनही ग्लिसरीनचं ॲक्रोलीन प्रयोगशाळेबाहेर फारसं आलं नाही. माझ्या मते त्यामागं दोनच गोष्टी आहेत: एक हा कोक, आणि दुसरी प्रोपिलीनची किंमत.

या वाटेवर पाणी मात्र मदतीला येतं. ग्लिसरीन पाण्यात मिसळूनच नळीत सोडतात. वाफेमुळं कोक कमी बसतो. शिवाय टंगस्टनसारख्या काही ऑक्साइडवर वाफ उघड्या धातू-अणूवर येऊन बसते आणि तिथं प्रोटॉन देऊ शकणारा ओएच तयार होतो. म्हणजे लुईस जागेची ब्रॉन्स्टेड जागा होते. पिरिडिननं कोरड्या दाण्यांवर मोजलेली जात आणि चालू नळीतली जात त्यामुळं वेगळी असू शकते.

हे सगळं झालं तीनशे अंशांवरचं. कुपवाडच्या छोट्या युनिटला मी ॲक्रोलीनच्या वाटेला जाऊ नको म्हणूनच सांगेन. इतका विषारी वायू, आग लागण्याची भीती, पोलादी नळ्या, अखंड देखरेख. हे दहा-बारा माणसांच्या शेडमध्ये करायचं काम नाही. ओएच काढून टाकण्यापेक्षा झाकणाऱ्या वाटा जास्त सौम्य आहेत.

त्यातली मला सर्वांत आवडणारी सॉल्केटल. ग्लिसरीन आणि ॲसिटोन एकत्र आणून त्यात रेझिनचे मणी टाकायचे, बस. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं, त्याच्या आतबाहेरच काम चालतं. फ्लास्कमध्ये सुरुवातीला दोन थर दिसतात, कारण ग्लिसरीन आणि ॲसिटोन एकमेकांत नीट मिसळत नाहीत. ढवळत राहिलं की द्रव दुधाळ होतो. थोडं सॉल्केटल तयार झालं की तेच दोघांना एकत्र आणतं, आणि एका टप्प्यावर फ्लास्क एकदम नितळ होतो. मुलांना हा क्षण दाखवायला फार बरं वाटतं. रेणूच्या पातळीवर ॲसिटोननं शेजारशेजारचे दोन ओएच एका पाच कड्यांच्या वर्तुळात बांधलेले असतात, आणि वाटेत पाण्याचा एक रेणू सुटलेला असतो. इंधनात मिसळायला आणि द्रावक म्हणून याचा उपयोग होतो.

इथं पाणी शत्रू आहे. अभिक्रिया दोन्ही दिशांना चालते, त्यामुळं पाणी साठलं की सॉल्केटल मोडून परत ग्लिसरीन आणि ॲसिटोन. म्हणून ॲसिटोन जास्त घालतात, आणि पाणी दूर ठेवणारा कॅटॅलिस्ट शोधतात. ॲल्युमिनियम कमी असलेलं बीटा झिओलाइट पाण्याला फारसं जवळ करत नाही. त्याच्यावर आम्ल-जागा रेझिनपेक्षा कितीतरी कमी, तरी काम चांगलं होतं. नुसत्या जागा मोजून कॅटॅलिस्ट निवडणाऱ्याला हे कोडं वाटेल. इथं आम्ल फार तीव्रही नको. पण प्रोटॉन देणारं हवं, हे पक्कं.

दुसरी वाट ॲसिटिनची. ही आपल्या साखरपट्ट्याला जवळची आहे. कृष्णाकाठच्या कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळीपासून अल्कोहोल निघतं, आणि अल्कोहोलपासून ॲसिटिक आम्ल करण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. (जाता जाता: यीस्ट अल्कोहोल करताना थोडं ग्लिसरीनही करतं. ते २९० अंशांना उकळतं, म्हणून डिस्टिलेशनमध्ये वर येत नाही, स्पेंटवॉशमध्ये, म्हणजे तळाशी उरणाऱ्या सांडपाण्यातच राहतं. पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी चरबी कमी पडली तेव्हा जर्मनांनी यीस्टला सल्फाइट घालून मुद्दाम जास्त ग्लिसरीन करायला लावलं होतं.) ग्लिसरीनला ॲसिटिक आम्ल लावलं की एक, दोन किंवा तीन ओएच झाकले जातात. मोनोॲसिटिन आणि डायॲसिटिन चटकन होतं. तिसरा ओएच हट्टी. आजूबाजूला गर्दी झालेली असते आणि सुटलेलं पाणी उलटी दिशा पकडतं. ट्रायॲसिटिन हवं असेल तर आम्ल तीव्र हवं, ॲसिटिक आम्ल भरपूर हवं, पाणी बाहेर काढत राहायला हवं, आणि छिद्र इतकं रुंद हवं की तीन शेपट्यांचा रेणू बाहेर पडू शकेल. अरुंद छिद्रांच्या झिओलाइटवर डायॲसिटिनच्या पुढं गाडी नीट सरकत नाही. अँबरलिस्टवर सरकते, पण त्याला १२० अंशांच्या वर नेता येत नाही. नेलं की सल्फॉनिक गट गळू लागतात.

इथं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी चांगली जागा आहे. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी साखर अर्धवट जाळून तिच्यावर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया केली आणि सल्फॉनिक गट असलेला काळा घन कॅटॅलिस्ट बनवला. त्यानंतर भुसा, भाताचं तूस, बगॅस (उसाचा चोथा) अशा कशाकशाचे असे कॅटॅलिस्ट झाले. बगॅस आपल्याकडं डोंगराएवढा. काळ्या पुडीवर हॅमेटचे रंग दिसणार नाहीत, पण मिठाच्या पाण्यातलं टायट्रेशन सहज होतं. फक्त गरम सल्फ्युरिक आम्लाचा टप्पा शिक्षकांच्या देखत आणि फ्यूम हूडमध्येच व्हावा.

हायड्रोजन आणि आम्ल यांच्या जोडीची एक वाट राहिली. मधला ओएच काढून दोन्ही टोकांचे तसेच ठेवले तर १,३-प्रोपेनडायॉल मिळतं. त्याचे धागे होतात, म्हणून ते महाग. त्याला प्लॅटिनमशेजारी टंगस्टनची ब्रॉन्स्टेड आम्लता लागते, आणि मधलाच ओएच नेमका काढणं अजूनही कठीण जातं. कारखान्यात ते आज मक्याच्या साखरेपासून जिवाणूंकडून करून घेतात. आणि सगळं काही आम्लानंच होतं असंही नाही. ग्लिसरॉल कार्बोनेटसाठी चुनकळीसारखं अल्कली बरं पडतं.

आता आकड्याकडं परत. समजा ड्रममधल्या ग्लिसरीनमध्ये साबण आणि कॉस्टिक मिळून दोन टक्के सोडियम आहे. एका किलोत २० ग्रॅम सोडियम, म्हणजे साधारण ८७० मिलिमोल. अँबरलिस्टच्या एका ग्रॅमवर ४.७ मिलिमोल जागा. भागाकार करा. प्रत्येक किलो ग्लिसरीनमागं जवळपास १८५ ग्रॅम रेझिन सोडियमच्या पोटात जाईल, एक थेंब सॉल्केटल व्हायच्या आधी. झिओलाइट घेतलं तर आणखी वाईट. सिलिकॉन-ॲल्युमिनियम ४० ला १ असेल तर ग्रॅमला सुमारे ०.४ मिलिमोल जागा, म्हणजे किलोभर ग्लिसरीनला दोन किलोंहून जास्त झिओलाइट. मिठाच्या प्रयोगात मीटरचा काटा ज्यानं घसरला, तेच इथं कॅटॅलिस्टला मारतं. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यामुळं कॅटॅलिस्टच्या कॅटलॉगमध्ये नाही, ड्रममध्ये आहे.

सोडियम काढायचा मार्ग जुनाच. ग्लिसरीनमध्ये साधं खनिज आम्ल घालायचं. साबणाचं फॅटी ॲसिड होऊन ते वर तरंगतं, ते काढून घ्यायचं. मिथेनॉल उडवून परत पकडायचं, ते पुन्हा बायोडिझेलला चालतं. मीठ गाळून घ्यायचं आणि जमेल तर ग्लिसरीन निर्वात दाबाखाली डिस्टिल करायचं, कारण उघड्यावर २९० अंशांपर्यंत तापवलं तर तेच ॲक्रोलीन नाकात जाईल. बायोडिझेल करतानाच कॉस्टिक सोड्याऐवजी कॉस्टिक पोटॅश वापरलं आणि नंतर फॉस्फोरिक आम्लानं उदासीन केलं, तर निघणारा क्षार पोटॅशियम फॉस्फेटचा. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला झिरो-बावन्न-चौतीस हे पोटॅशियम फॉस्फेटचं खत म्हणजे काय हे सांगायला नको. हा क्षार त्याच कुळातला. साबण आणि ग्लिसरीन धुऊन काढल्याशिवाय तो ठिबकमधून सोडू नये, पण टाकाऊही नाही. पोटॅश महाग पडतं हे खरं. क्षाराचे पैसे आले तर हिशोब जुळतो, नाहीतर कॉस्टिक सोडाच बरा.

म्हणून त्याला मी सध्या एवढंच सांगितलंय की महिन्याभरातल्या वेगवेगळ्या ड्रममधून नमुने काढ, प्रत्येकी दहा ग्रॅम मुशीत घे, आधी धूर संपेपर्यंत बाहेर जाळ आणि मग मफल फर्नेसमध्ये (प्रयोगशाळेतल्या बंद भट्टीत) ठेवून राख वजन कर. फर्नेस कॉलेजमध्ये आहे. रिफाइंड ग्लिसरीनमध्ये राख जवळजवळ शून्य येते. त्याच्या नमुन्यांत किती येते आणि ड्रमागणिक किती बदलते ते कळलं, की साफ करायला किती आम्ल लागेल याचा हिशोब एका पानावर मांडता येईल. रेझिनचं कोटेशन त्यानंतर मागवायचं.